हातोहात

प्रवासाला निघतांना बरोबर काय घ्यावें यापेक्षां काय घेऊं नये याचाच विचार अधिक करणाऱ्या माणसांपैकीं मी एक होतों. खांद्याला अडकवायची एक पिशवी, तींत दोन कपडे, एखादें पुस्तक आणि पाण्याची बाटली, एवढ्या संसारावर मीं हंपीपासून हरिद्वारपर्यंतचे प्रवास केलेले आहेत. फलाटावर चार चार बॅगा, त्यांवर गाठोडें, गाठोड्यावर थर्मास आणि या साऱ्यांच्या मध्यभागीं एक रडणारें मूल असा पसारा मांडून बसलेलीं कुटुंबें दिसलीं म्हणजे, एवढें घर उचलून आणायचें होतें तर घर सोडलेंत कशाला, असें मी मनांतल्या मनांत विचारीत असें. त्या सर्व कुटुंबांची मी येथें जाहीर क्षमा मागतों. कारण गेल्या वैशाखांत आमची दहा महिन्यांची कन्या, तिची आई आणि मी असे तिघेजण मुंबईहून राजापूरकडे निघालों, तेव्हां दादरच्या फलाटावर मीं मोजलेल्या डागांची संख्या नऊ भरली.

त्या नऊ डागांपैकीं एक माझा होता व एक पत्नीचा. उरलेले सात ज्या व्यक्तीचे होते तिचें वजन साडेसहा किलो होतें. डायपरांचा गठ्ठा, दुपट्यांचें गाठोडें, नाचणीच्या सत्त्वाचा डबा, वाटी-चमचा, तीं उकळून घेण्यासाठीं पातेलें, गरम पाण्याचा थर्मास, तापमापक, तो ऐन वेळीं बिघडला तर असावा म्हणून दुसरा तापमापक, आणि हात निर्जंतुक करण्याच्या द्रवाच्या तीन बाटल्या! ज्या जीवाला अजून जगाकडून दूध आणि झोंप यांखेरीज कांहींच नको आहे त्याच्यासाठीं इतकें सामान कां लागावें, हें कोडें मला कित्येक दिवस सुटलें नव्हतें. आतां वाटतें कीं यांतलें निम्मेंअधिक सामान बाळासाठीं नव्हतेंच. तें आमच्या भीतीचें सामान होतें, आणि बाळाच्या नांवावर चाललें होतें.

भीतीला कारण नव्हतें असें मात्र नाहीं. आमची कन्या चौतीसाव्या आठवड्यांतच जन्मास आली. वजन १,७५० ग्रॅम. पहिले १९ दिवस ती कांचेच्या पेटींत होती. त्या पेटीच्या कडेला हात जाण्यापुरतीं वाटोळीं दारें असतात. हात धुवून, पुन्हा धुवून, त्यांतून एक बोट आंत घालावयाचें, आणि तिनें तें धरलें तर आपलें भाग्य समजावयाचें. पहिले कांहीं दिवस माझें सारें पितृत्व त्या एका बोटापुरतेंच होतें. बाराव्या दिवशीं एका परिचारिकेनें तिला पेटींतून काढलें आणि पत्नीच्या उघड्या छातीवर ठेवून वरून चादर गुंडाळली. कांगारू आपलें पिलूं पोटाच्या पिशवींत बाळगतो, त्यावरून या रीतीला नांव पडलें आहे. १९७८ सालीं कोलंबिया देशांतील बोगोटा शहरीं एडगार रे या डॉक्टरांनीं ती सुरू केली. त्यांच्या रुग्णालयांत पेट्या पुरेशा नव्हत्या, म्हणून त्यांनीं आयांनाच पेट्या केलें! पुढें अनुभव असा आला कीं अंगाच्या ऊबेवर वाढलेलीं हीं मुलें पेटींतल्या मुलांच्या मागें तर पडत नाहींतच, उलट त्यांना ही ऊब चांगलीच मानवते. आणि आज जेथें पेट्यांना तोटा नाहीं तेथेंही हीच रीत आवर्जून सांगतात.

पण मनुष्य जें शिकावयाचें तें नेमकें शिकत नाहीं. या प्रसंगावरून मुलाला माणसाचा स्पर्श हवा असतो, असें आम्ही शिकलों नाहीं. मुलाला आपलाच स्पर्श हवा असतो, एवढें शिकलों. घरीं आल्यावर पाहुण्यांनीं दारांत चपला काढाव्या, हात धुवावे, लांबच्या खुर्चीवर बसावें आणि तेथूनच काय तें कौतुक करावें, असा आमच्या घरचा नियम झाला. माझ्या सख्ख्या बहिणीला आम्हीं तीन हातांच्या अंतरावरून भाची दाखवली. ती बिचारी कांहीं बोलली नाहीं. मात्र नंतर महिनाभर तिचा फोन आला नाहीं. सहा महिने पुरे होतांच डॉक्टरांनीं सांगितलें, “आतां हिला इतर मुलांसारखीच समजा.” आम्हीं मान डोलावली, आणि घरीं येऊन द्रवाची नवी बाटली उघडली. कुणी हात पुढें केलाच तर आम्हां दोघांचें उत्तर ठरलेलें असे: “ती कोणाकडे जात नाहीं हो.” खरी गोष्ट अशी होती कीं आम्हीं तिला कोणाकडे जाऊंच दिलें नव्हतें.

असें असतां आम्ही इतक्या दूरच्या प्रवासाला निघालों तरी कसे? त्याचें कारण माझी आजी. ती ८८ वर्षांची आहे, आणि राजापूरच्या खाडीकांठचें आपलें घर सोडून ती आतां कोठें जात नाहीं. एका डोळ्याचें मोतिबिंदू काढलें, दुसऱ्याचें काढूं देत नाहीं. बाळ घरीं आल्यापासून दर रविवारीं फोनवर ती विचारी, “केव्हां आणतां?” आम्ही म्हणत असूं, थंडी सरूं दे, मग म्हणालों, सर्दीची सांथ आहे, ती जाऊं दे. फाल्गुनांत केव्हांतरी तिनें विचारणें बंद केलें. फोनवर ती आंब्यांविषयीं बोले, गडग्याविषयीं बोले, शेजारच्या गाईविषयीं बोले, बाळाविषयीं मात्र “बरी आहे ना?” याहून अधिक शब्द नसे. तिनें आग्रह केला असता तर मला आणखी एखादी सबब सुचली असती. तिच्या न विचारण्यावर सबब सुचेना.

आमच्या कुटुंबांत लहान मूल आणि प्रवास हे दोन शब्द एकत्र आले कीं आजीच्या बोटीची गोष्ट निघतेच. ती मीं शंभरदां तरी ऐकली असेल. कोंकण रेल्वेवरून मुंबई ते मंगळूर अशी सलग वाहतूक सुरू झाली ती १९९८ च्या जानेवारींत. त्यापूर्वीं राजापूरकडच्या माणसाला मुंबई गांठावयाची म्हणजे घाट चढून मोटारीनें जावें, नाहीं तर मुसाकाजी बंदरावरून बोट धरावी. १९५७ सालीं, दसरा झाल्यावर, आजोबांनीं गिरगांवांत खोली घेतली आणि आजी सात महिन्यांचें मूल घेऊन तिकडे निघाली. तें मूल म्हणजे माझे वडील. घरांतल्या वडीलधाऱ्यांना बोट नकोशी वाटत होती. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून ६०० हून अधिक माणसें गेलीं, त्याला अवघीं दहा वर्षें झालीं होतीं, आणि किनाऱ्यावरच्या घरांतून तिचें नांव अजून खालच्या आवाजांत घेतलें जात होतें. परंतु दुसरा स्वस्त मार्ग नव्हता.

बोट धक्क्याला लागत नसे. ती दूर पाण्यांत उभी राही, आणि उतारू पडावांत बसून तिच्यापर्यंत जात. पडाव बोटीच्या अंगाला भिडला म्हणजे खरी कसोटी. लाटेसरशीं तो हातभर वर चढे आणि तसाच खालीं जाई. तो वर येईल त्या क्षणीं शिडीवर पाय टाकावयाचा. चुकला तर मध्यें समुद्र. आजी मूल छातीशीं धरून उभी राहिली, तोंच एका खलाशानें “आण इकडे” म्हणून तें तिच्या हातांतून घेतलें, शिडीवरच्या दुसऱ्याकडे दिलें, त्यानें तिसऱ्याकडे, आणि आजी वर पोहोंचते तों मूल दिसेना! अर्धा घटका तिनें साऱ्या बोटीवर शोध केला. शेवटीं तें सांपडलें जैतापूरकडच्या एका मुसलमान बाईच्या मांडीवर, तिच्या बांगड्यांशीं खेळतांना. गोष्ट येथें संपत असे व सर्वजण हंसत. माझ्या वडिलांच्या हातून पुढें कांहीं विसराळूपणा घडला कीं आजोबा म्हणत, “बोटीवर बदलून तर आला नाहीं ना हा?”

मीही हंसत असें. लहानपणीं ऐकलेल्या गोष्टींतलीं माणसें भ्यालीं असतील असें आपल्याला वाटतच नाहीं.

गाडी दादरहून सकाळीं सुटली. पनवेल, रोहा, माणगांव हीं स्टेशनें सुखानें गेलीं. खिडकीच्या कांचेवर हात आपटीत कन्येनें सह्याद्रीचें दर्शन घेतलें, आणि आम्हीं दर दहा मिनिटांनीं ते हात पुसले. बोगदे सुरू झाले तशी ती दचकूं लागली. चिपळूणला एक पोक्त बाई चढल्या. अंगानें भरलेल्या, कपाळाला मोठें कुंकू, हातांत आंब्यांची करंडी. समोरच्या बाकावर स्थिरस्थावर होतांच त्यांनीं बाळाकडे पाहून चुटकी वाजविली. चिपळूणनंतर उकाडा वाढला, आणि आमच्या कन्येनें जें रडें सुरू केलें तें दूध, खुळखुळा, खांदा, येरझारा, यांपैकीं कशालाही दाद देईना. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागतो. साडेसहा किलोमीटर लांबीचा तो बोगदा एरवीं मीं हौसेनें घड्याळ लावून मोजलेला आहे. त्या दिवशीं तो संपेचना. अंधार, चाकांचा घणघणाट आणि त्या साऱ्याला पुरून उरणारा साडेसहा किलोंचा तो आवाज!

“द्या बघू इकडं,” त्या बाई म्हणाल्या. “सात नातवंडं वाढवलीत मी.”

“ती कोणाकडे जात नाहीं हो,” पत्नी म्हणाली.

बाईंनीं आमच्याकडे एकवार पाहिलें व त्या खिडकीबाहेर पाहूं लागल्या. खिडकीबाहेर काळोख होता.

रत्नागिरीला गाडी थांबली. थर्मासमधलें पाणी संपलें होतें, म्हणून तो घेऊन मी उतरलों. फोन बाकावरच राहिला. चहाच्या दुकानावर गर्दी होती; माझ्यापुढच्या गृहस्थांना सुटे पैसे मिळत नव्हते; आणि पाणी भरून मी वळतों तों गाडी हलली होती. समोर आला त्या डब्यांत मी चढलों. आमचा डबा पुढें पांचवा होता. मे महिन्याची गर्दी, वाटेंत ट्रंका, पोतीं, दाराशीं अंग चोरून उभी असलेली माणसें. “जरा जाऊं द्या, जरा जाऊं द्या,” असें म्हणत मी गरम पाण्याचा थर्मास डोक्यावर धरून सरकत होतों. रत्नागिरी सुटल्यावर पानवल नदीवरचा पूल लागतो. त्याची उंची सुमारें ६४ मीटर आहे, आणि तो पाहण्यासाठीं मी नेहमीं आधींपासून दारांत जाऊन उभा राहतों. या वेळीं तो केव्हां आला आणि गेला तें मला कळलें नाहीं.

आमच्या डब्याच्या दाराशीं पत्नी उभी होती. मला पाहतांच तिनें माझ्या दंडावर एक जोराची चापट मारली, आणि मग ती रडूं लागली.

“बाळ कुठें आहे?” मीं विचारलें.

“त्यांच्यापाशीं दिलें. तूं खालीं राहिलास असें वाटलें मला.”

आम्ही आंत आलों. आमच्या बाकावर बाळ नव्हतें. त्या बाई होत्या, पण त्यांच्या मांडीवर आंब्यांची करंडी होती! माझ्या हातांतला थर्मास गळून पडला नाहीं याचें मला अजून आश्चर्य वाटतें. बाईंनीं आमच्या तोंडाकडे पाहून नुसती मान पलीकडे वळवली. दोन बाकांपलीकडून हंसण्याचा आवाज येत होता, आणि त्यांत एक आवाज आमच्या ओळखीचा होता. बाईंनीं थोपटलेलें बाळ शेजारच्या सुनेनें मागून घेतलें होतें. तिच्याकडून तें एका निवृत्त दिसणाऱ्या गृहस्थांकडे गेलें. त्यांच्या चष्म्याला हात घातला म्हणून त्यांनीं तें महाविद्यालयांत जाणाऱ्या एका मुलाच्या खांद्यावर दिलें. तो मुलगा तोंडानें इंजिनाचा आवाज काढीत होता, आणि आमची कन्या त्याच्या कानांतून ओढून काढलेली गाणीं ऐकण्याची वायर चोखीत खदखदां हंसत होती. ती वायर कोठकोठून फिरून आली असेल, हा विचार माझ्या मनांत आला नाहीं असें मी म्हणणार नाहीं. पण बाटली बॅगेंत होती, बॅग बाकाखालीं होती, आणि तिला एवढें हंसतांना मीं त्यापूर्वीं पाहिलें नव्हतें.

“जाते की सगळ्यांकडं,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजांत टोमणा नव्हता. असता तर बरें झालें असतें.

राजापूर रोड स्टेशन गांवापासून बरेंच दूर आहे. तेथून रिक्षा करून खाडीकांठच्या घरीं पोहोंचेपर्यंत उन्हें कललीं होतीं. आजी पडवींत बसली होती. धुवट पातळ, केंस नीट विंचरलेले, आणि दोन्ही हात मांडीवर उताणे, जणूं वाळत घातलेले. ती उठली नाहीं, पुढेंही आली नाहीं. आम्ही पायऱ्या चढून वर गेलों तेव्हां तिनें बऱ्या डोळ्यानें आधीं बाळाकडे पाहिलें, आणि मग पत्नीला म्हणाली:

“साबणानं हात धुतलेत हो मी. दोनदां. घेऊं का जरा?”

जिनें माझ्या बापाला वाढविलें, मला वाढविलें, गांवांतल्या निम्म्या पोरांना तेल लावून न्हाऊं घातलें, ती आपल्या पणतीला मांडीवर घेण्यासाठीं परवानगी मागत होती. आमचे नियम फोनवरून तिच्यापर्यंत कोणीं पोहोंचविले होते कोण जाणे, बहुधा आम्हींच. मी कांहीं बोलूं शकलों नाहीं. पत्नीनें मात्र पुढें होऊन बाळ तिच्या मांडीवर ठेवलें आणि ती स्वतः सोप्याच्या खांबाला टेकून, हात रिकामे करून, बसली. दहा महिन्यांत ती अशी बसलेली मीं पाहिली नव्हती. आजीनें बाळाला निरखलें नाहीं. बोटांनींच चांचपून पाहिलें: कपाळ, कान, पायांचीं बोटें, पुन्हा कान. मग म्हणाली, “कान आमच्याकडचे आहेत,” आणि त्या एका वाक्यासरशीं सगळा हिशेब तिच्याकडून पुरा झाला.

रात्रीं जेवणें झाल्यावर मीं तिला गाडींतली हकिगत सांगितली. ती पोट धरून हंसली. मग मीं विचारलें, “आजी, त्या पडावांतून बाबांना खलाशानें ओढून घेतलें तेव्हां तूं भ्याली नव्हतीस?”

“भ्यालें नाहीं कशी? तोंडाला कोरड पडली होती,” ती म्हणाली. “पण शिडीला दोन्ही हात लागतात रे. मूल धरून कशी चढणार?” थोडा वेळ ती गप्प बसली. “त्या बाईनं त्याला पाजलंन् होतं. तिच्याही कडेवर एक होतं. हें मीं घरांत सांगितलं नाहीं कधीं. सासूबाई होत्या तोंवर सोय नव्हती, आणि मग राहूनच गेलं.”

शंभरदां ऐकलेल्या गोष्टींतलें हें वाक्य मीं पहिल्यानेंच ऐकलें. आंतल्या खोलींत वडील घोरत होते. त्यांना सांगावें कीं न सांगावें, याचा विचार मी अद्याप करतों आहें.

आठ दिवस राहून आम्ही परत निघालों. नऊ डागांचे अकरा झाले होते, कारण आजीनें एक फणस आणि आंब्यांची पेटी बरोबर दिली होती. राजापूर रोडला गाडी फार वेळ थांबत नाहीं. डबा समोर आला तों दारांत गर्दी. मी सामान चढवूं लागलों. पत्नीच्या एका हातांत बाळ आणि एका हातांत पिशवी. दारांत उभा असलेला, घामानें थबथबलेला एक मनुष्य खालीं वांकला आणि त्यानें दोन्ही हात पुढें केले. नुकताच कोणाचा तरी फणस चढवून तो मोकळा झाला असावा. पत्नीनें माझ्याकडे पाहिलें नाहीं. तिनें बाळ त्याच्या हातांत दिलें, दांडी धरली आणि ती वर चढली.

बाळाच्या झबल्यावर दोन्ही काखांखालीं फणसाच्या चिकाचे पंजे उमटले आहेत. खोबरेल लावून पाहिलें, रॉकेल लावून पाहिलें; ते कांहीं निघत नाहींत.